भरदार तांबडी वाइन : मळा, पिंप आणि दवाखाना

दारूबंदीच्या राज्यात राहणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत वाइनवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची जाणीव आहे. परंतु विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. मुंबई-पुण्याच्या लग्नसमारंभाहून परतलेला, नाशिकची सहल करून आलेला, अथवा अमेरिकेतील मुलाकडे सहा महिने राहून आलेला रुग्ण रक्तदाब मोजून झाल्यावर हळूच विचारतो, "डॉक्टर, रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली असते म्हणे?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हसण्यावारी नेले जाते. काही जण "थोडी चालेल" म्हणतात, काही जण "नकोच" म्हणतात; पण दोन्ही उत्तरांमागे आधार कोणता, हे सांगितले जात नाही. रुग्ण मात्र आपल्या सोयीचे उत्तर घेऊन जातो.

म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा विचार केला आहे. उंची समजली जाणारी, 'भरदार' म्हणून वाखाणली जाणारी तांबडी वाइन तयार होते कशी, ही पहिली गोष्ट. आणि तिच्याविषयी केले जाणारे आरोग्याचे दावे आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकतात, ही दुसरी. पहिली समजल्याशिवाय दुसरीचा उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाइन आणि ऊर्ध्वपातित दारू

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. फळाच्या रसातील साखरेवर यीस्ट या सूक्ष्म किण्वाची क्रिया झाली की इथाइल अल्कोहोल आणि कर्बवायू तयार होतात. द्राक्षरसाचे असे किण्वन करून, कोणतेही ऊर्ध्वपातन न करता जे पेय मिळते ती वाइन. व्हिस्की, रम, ब्रँडी यांत किण्वनानंतर मिश्रण तापवून, वाफ थंड करून अल्कोहोलचे प्रमाण वाढवले जाते. वडोदऱ्याच्या वाचकांना हा फरक समजावण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९०७ साली आपल्याच शहरात स्थापन झालेल्या 'ॲलेम्बिक' या कारखान्याचे नाव मुळात ऊर्ध्वपातनाच्या पात्राचे नाव आहे, आणि त्याच्या आरंभीच्या उत्पादनांत टिंक्चर व अल्कोहोल यांचा समावेश होता. वाइनच्या निर्मितीत हे पात्र लागत नाही, एवढाच तिचा आणि स्पिरिटचा मूलभूत भेद. रेणू मात्र दोन्हींत एकच आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या परंपरेलाही ही प्रक्रिया अपरिचित नाही. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट यांत धायटीच्या फुलांच्या साहाय्याने किण्वन घडवून आणले जाते, आणि त्या औषधांत आपोआप उत्पन्न झालेले अल्कोहोल असते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे अतिमद्यपानाने होणाऱ्या विकारांवर आहे. मद्याचे गुण आणि त्याचा उपद्रव यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी आपल्या वैद्यकात जुनीच आहे.

महाराष्ट्रातील वाइनचा अल्प इतिहास

आधुनिक काळात महाराष्ट्रात दर्जेदार वाइन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८० च्या दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी केला. फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तेथे फसफसणारी वाइन तयार झाली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी गेली. पुढे नाशिकजवळ राजीव सामंत यांनी 'सुला'ची उभारणी केली. तिच्या वाइन २००० सालापासून बाजारात आल्या. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, उत्पादनशुल्कात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. अनेक द्राक्ष बागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनच्या वाणांची लागवड केली. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली, द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही आणि पुष्कळांना बागा उपटून टाकाव्या लागल्या. उंची पेयाच्या चकचकीत बाटलीमागे शेतकऱ्याची अशी जोखीम उभी असते, हे विसरता कामा नये.

अकलूजचा मळा

या पार्श्वभूमीवर एका वाइनचे उदाहरण सविस्तर पाहू. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. अकलूज हे गाव आपल्याला माहीत आहे ते साखर कारखान्यामुळे आणि सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नावामुळे. याच परिसरात २००६-०७ च्या सुमारास 'फ्रातेल्ली' या वाइन उद्योगाचा प्रारंभ झाला. 'फ्रातेल्ली' हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'भाऊ' असा होतो. नाव अन्वर्थक आहे, कारण भावांच्या तीन जोड्या यात एकत्र आल्या : इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू. त्यांच्याबरोबर सातवे गृहस्थ होते इटलीच्या टस्कनी प्रांतातील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. या उद्योगातील सर्वांत मानाच्या तांबड्या वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे इटालियन भाषेत 'सात'. अलीकडे या उद्योगाचा शेअरबाजाराशीही संबंध जुळला आहे. तथापि त्याची मूळ ओळख कुटुंबांनी उभारलेला मळा हीच आहे.

मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या ठिकाणी मिळून सुमारे २४० एकर क्षेत्रावर या बागा उभ्या राहिल्या. त्यासाठी काही लाख कलमे परदेशांतून आणण्यात आली. 'सेत्ते' मुख्यतः दोन वाणांच्या मिश्रणातून होते : टस्कनीचा 'सांजोवेझे' आणि फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील 'काबर्ने सोव्हिन्याँ'. पहिला वाण आंबटपणा व फळांचा गंध देतो. दुसरा रंग, तुरटपणा आणि दीर्घकाळ टिकण्याची शक्ती देतो. इटलीत टस्कनीच्या 'किआंती' या सुप्रसिद्ध वाइनचा प्राणही सांजोवेझे हाच आहे. किआंतीचा उल्लेख पुढे एका वेगळ्या संदर्भात पुन्हा येईल.

ऊस हे ज्या भागाचे मुख्य पीक, त्या भागात वाइनची द्राक्षे का लावावीत, असा प्रश्न कोणी विचारील. उसाच्या मळीपासूनही अल्कोहोल होतेच. पण मळीतून निघणाऱ्या स्पिरिटला मातीचा, हवेचा, वाणाचा मागमूस नसतो. वाइनला तो असतो. कमी पाऊस, कोरडी हवा, उष्ण दिवस आणि हिवाळ्यातील गार रात्री हे अकलूज परिसराचे वैशिष्ट्य. दिवसाच्या उन्हात द्राक्षांत साखर वाढते आणि रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकून राहतो. या दोहोंचा तोल म्हणजे चांगल्या वाइनचा पाया होय.

छाटणीचे गणित

युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल पाने टाकून विश्रांती घेते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, त्यामुळे वेल सदैव वाढत राहते. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतात. एप्रिलमधील 'खरड छाटणी'त जुन्या काड्या काढून नव्या काड्यांची वाढ घडवली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील 'फळ छाटणी' अथवा 'गोडी छाटणी'नंतर घड येतात. त्यामुळे फळे पावसाळ्यात न सापडता जानेवारी ते मार्च या कोरड्या काळात पक्व होतात. युरोपात जो हंगाम सप्टेंबरमध्ये येतो, तो आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास सुरू होतो.

खाण्याच्या थॉम्पसन सीडलेस जातीचे एकरी दहा-बारा टन उत्पन्न काढणे बागायतदाराला अभिमानाचे वाटते. उंची वाइनच्या बागेत नेमके उलटे धोरण असते. जादा घड कच्चे असतानाच कापून टाकले जातात आणि एकरी उत्पन्न जाणीवपूर्वक तीन-चार टनांवर, कधी त्याहूनही खाली ठेवले जाते. वेलीची शक्ती थोड्या फळांत एकवटली की मणी लहान राहतात, सालीचे प्रमाण वाढते आणि रस दाट होतो. पिकवलेले फळ जमिनीवर टाकणे आपल्या शेतकऱ्याच्या मनाला सहजासहजी मानवत नाही. उंची वाइनच्या किमतीत या टाकलेल्या फळाचा हिस्सा मोठा असतो.

भरदारपणा येतो कोठून?

वाइनच्या जाणकारांच्या बोलण्यात 'बॉडी' हा शब्द वारंवार येतो. आपण त्यास 'भरदारपणा' म्हणू. ताक, दूध आणि मलईचे दूध जिभेवर निरनिराळ्या वजनाचे वाटतात, तसाच हा भेद आहे. तो मुख्यत्वे तीन गोष्टींवर अवलंबून असतो.

पहिली गोष्ट अल्कोहोल. तोडणीच्या वेळी द्राक्षरसातील विद्राव्य घटकांचे प्रमाण 'ब्रिक्स' या मापाने मोजतात. स्थूलमानाने रसातील दर लिटरमागे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होते. २४ ब्रिक्सच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांपासून साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोलची वाइन मिळते. हलक्या वाइनमध्ये हेच प्रमाण अकरा-बारा टक्के असते. म्हणजे भरदारपणा आणि अल्कोहोलचे प्रमाण बहुधा हातात हात घालून वाढतात.

दुसरी गोष्ट टॅनिन. कोरा कडक चहा, डाळिंबाची साल किंवा हिरडा तोंडात घेतला असता जीभ व हिरड्या आवळल्यासारख्या होतात. तो टॅनिनचा परिणाम. लाळेतील प्रथिनांशी टॅनिनचा संयोग होऊन लाळेचा निसरडेपणा नाहीसा होतो, म्हणून तुरटपणा जाणवतो. तो रसापेक्षा द्राक्षाच्या साली आणि बियांत अधिक असतो. तिसरी गोष्ट म्हणजे रंगद्रव्ये, ग्लिसरॉल आणि इतर विरघळलेले घटक.

येथेच पांढऱ्या आणि तांबड्या वाइनचा भेद स्पष्ट होतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीनच असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून साली बाजूला काढतात. तांबड्या वाइनसाठी द्राक्षे देठांपासून मोकळी करून, चुरडून, सालींसकट आंबवतात. किण्वन साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसवर सुरू असताना कर्बवायूमुळे साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो. तो कोरडा पडू नये म्हणून खालचा रस पंपाने दिवसातून अनेक वेळा त्यावर सोडतात. उष्णता आणि अल्कोहोल यांच्या योगाने सालींतील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये व टॅनिन रसात उतरतात. नंतर साली पिळून काढतात. पुढे दुसरे, जिवाणूंचे किण्वन होते. त्यात हिरव्या सफरचंदाच्या चवीचे मॅलिक आम्ल जाऊन त्या जागी सौम्य असे लॅक्टिक आम्ल येते. दह्याशी परिचय असलेल्या आपल्या लोकांना ते आम्ल नवीन नाही.

यानंतर उंची वाइन ओकच्या लाकडी पिंपांत ठेवली जाते. फ्रेंच पद्धतीच्या पिंपात साधारण २२५ लिटर वाइन मावते. 'सेत्ते' अशा फ्रेंच ओकमध्ये वर्षभराहून अधिक काळ मुरते. लाकडाच्या छिद्रांतून प्राणवायू अत्यल्प प्रमाणात आत जात राहतो. त्यामुळे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन मोठे रेणू तयार होतात, तुरटपणा मऊ होतो आणि रंग स्थिर राहतो. आतून जाळ दाखवलेल्या लाकडातून व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी अशा गंधांच्या छटा येतात. पिंपे महाग असतात आणि काही हंगामांनंतर त्यांचा गंध संपतो. जागा, वेळ, लाकूड आणि कमी केलेले उत्पन्न यांची बेरीज म्हणजे उंची वाइनची किंमत. 'औषधी गुण' हा या बेरजेतील घटक नाही.

हृदयाचा दावा : उगम आणि वाढ

आता दवाखान्यात येऊ. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात 'फ्रेंच विरोधाभासा'ची चर्चा झाली. फ्रेंच लोक लोणी, चीज आणि मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी का, हा तो प्रश्न. १९९२ मध्ये सर्ज रनो आणि मिशेल द लॉर्झेरील यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि वाइन हे त्याचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. अमेरिकेत तांबड्या वाइनची मागणी झपाट्याने वाढली. त्यापाठोपाठ द्राक्षसालीतील रेझ्व्हेराट्रॉल या पदार्थाला जणू अमृताचे स्थान मिळाले.

गणित केले तर हा दावा कसा कोसळतो ते पाहण्यासारखे आहे. तांबड्या वाइनमध्ये रेझ्व्हेराट्रॉल लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकेच असते. सरासरी दोन मिलिग्रॅम धरले, आणि मानवी प्रयोगांत वापरली जाणारी मात्रा ५०० मिलिग्रॅम धरली, तर तेवढ्यासाठी २५० लिटर, म्हणजे तीनशेहून अधिक बाटल्या लागतील! याच पदार्थावरील संशोधनाला आणखी एक डाग लागला. २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका संशोधकाच्या लेखनात बनावट अथवा फेरफार केलेल्या माहितीची १४५ उदाहरणे आढळल्याचे जाहीर केले.

किआंतीचा उल्लेख आता पुन्हा करतो. सांजोवेझेच्या त्या मायभूमीतच ६५ वर्षांवरील ७८३ नागरिकांच्या लघवीतील रेझ्व्हेराट्रॉलचे चयापचयजन्य घटक मोजून त्यांचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या घटकांचे प्रमाण अधिक असलेल्यांत मृत्यू, हृदयविकार अथवा कर्करोग कमी आढळले नाहीत. जेथे हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आहारात आहे तेथेही त्याचा प्रभाव दिसला नाही, हे बोलके आहे.

निरीक्षणांचा फसवेपणा

मग थोडी पिणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसल्याची इतकी निरीक्षणे आली कोठून? यामागे तीन कारणे सांगता येतील. एक, 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जातात, त्यामुळे तो गट मुळातच अधिक रोगी ठरतो. दोन, वाइन पिणाऱ्यांची राहणी निराळी असते. डेन्मार्कमधील बाजारांतील सुमारे ३५ लाख बिलांचा अभ्यास २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. वाइन घेणारे ग्राहक बिअर घेणाऱ्यांपेक्षा फळे, भाज्या, ऑलिव्ह असे पदार्थ अधिक विकत घेतात, असे त्यात दिसले. श्रेय भाजीचे आणि नाव वाइनचे, असा हा प्रकार. तीन, उत्पन्न, शिक्षण आणि वैद्यकीय सेवेची उपलब्धता यांचाही वाइनशी संबंध असतो.

हा गोंधळ टाळण्यासाठी जनुकीय पद्धतीचा अवलंब झाला. अल्कोहोलचे चयापचय करणाऱ्या एका विकराच्या जनुकात विशिष्ट बदल असलेली माणसे जन्मतःच कमी पितात. २०१४ मधील एका मोठ्या अभ्यासात अशा माणसांत हृदयविकार कमीच आढळला. अगदी माफक पिणाऱ्यांतही कमी पिणे हितकारक दिसले. मद्य रक्षण करीत असते तर निष्कर्ष उलटा यायला हवा होता.

यादृच्छिक चाचण्या थोड्या आहेत. इस्रायलमधील मधुमेहाच्या २२४ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेवणाबरोबर १५० मिलिलिटर तांबडी वाइन दोन वर्षे दिली असता एचडीएल कोलेस्टेरॉल किंचित, सुमारे दोन मिलिग्रॅमने वाढले. रक्तदाबात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु एचडीएलची वाढ म्हणजे झटके कमी, हे समीकरण औषधांच्या चाचण्यांतही सिद्ध झालेले नाही. हृदयाच्या घटनांवरच मद्याचा परिणाम तपासणारी मोठी अमेरिकी चाचणी २०१८ मध्ये, मद्य उद्योगाच्या निधीमुळे निःपक्षपाताविषयी शंका निर्माण झाल्याने, बंद करण्यात आली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, दक्षिण आशियाई लोकांतील हृदयविकाराच्या जोखमींचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मद्यापासून संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. फ्रेंच माणसाचा विरोधाभास दांडिया बाजारातल्या माणसाला लागू करण्यास आधार नाही.

दुसऱ्या बाजूला हानीचे पुरावे भक्कम आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या गटात केला. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांतील स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. येथे आरंभीचे वाक्य आठवावे : रेणू एकच आहे. पिंप फ्रेंच ओकचे असले तरी यकृतात त्याचे ॲसिटाल्डिहाइडच होते.

एका पेल्याचे गणित

२०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात सुपरमार्केटमधून वाइन विकण्याचा निर्णय झाला आणि तीव्र विरोधामुळे तो रखडला. त्या वादात "वाइन म्हणजे दारू नव्हे" असे विधान राजकीय व्यासपीठावरूनही झाले. वैद्यकीय व्यावसायिकाने अशा विधानाचे उत्तर ग्रॅममध्ये द्यावे. अल्कोहोलची घनता ०.७८९ आहे. चौदा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला म्हणजे २१ मिलिलिटर, अर्थात सुमारे साडेसोळा ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम असते. म्हणजे भरदार वाइनचा एक पेला दीड पेगाहून थोडा अधिकच भरतो. पूर्ण बाटलीत सुमारे ८३ ग्रॅम अल्कोहोल आणि केवळ त्यापासून मिळणारे सुमारे ५८० उष्मांक असतात. दोघांनी जेवताना बाटली संपवली तर प्रत्येकी चार लहान पेग झाले. "आम्ही फक्त वाइन घेतो" असे सांगणाऱ्या रुग्णाला हे गणित कागदावर करून दाखवावे. त्याचा परिणाम उपदेशापेक्षा अधिक होतो.

रुग्णाला विचारावयाच्या गोष्टी

दारूबंदीमुळे आपल्याकडील रुग्ण मद्यपानाची माहिती लपवतो आणि आपणही विचारण्यास संकोचतो. यातून खरा धोका संभवतो. पुढील मुद्दे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

इन्सुलिन अथवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याने जेवण न करता वाइन घेतली, तर यकृतातील ग्लुकोजनिर्मिती मंदावून रात्री उशिरा साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आणि आजूबाजूचे लोक त्याला 'चढली' असे समजतात. मेटफॉर्मिनबरोबर अतिमद्यपान झाल्यास लॅक्टिक ॲसिडोसिसचा संभव वाढतो. क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिडबरोबर मद्य यकृतास घातक ठरते; शिवाय तांबड्या वाइनमधील टायरामिनमुळे या औषधावर तसेच एमएओ प्रतिबंधकांवर असलेल्या रुग्णास धडधड, डोकेदुखी, रक्तदाब वाढणे असे त्रास संभवतात. वॉर्फरिन, झोपेची औषधे, नायट्रेट आणि पॅरासिटामॉल यांच्याबाबतही विचारणा करावी. सणासुदीनंतर आलेल्या अनियमित नाडीच्या रुग्णाला मद्याविषयी आवर्जून विचारावे. एट्रियल फिब्रिलेशनचे झटके मद्य सोडल्याने कमी होतात, हे २०२० मधील यादृच्छिक चाचणीने दाखवले आहे. सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते.

तांबड्या वाइननंतर होणारी डोकेदुखी ही आणखी एक नित्याची तक्रार. क्वेर्सेटिन या द्राक्षसालीतील पदार्थापासून शरीरात बनणारा घटक ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणाऱ्या विकराला अडवतो, असे २०२३ मध्ये प्रयोगशाळेतील काचपात्रांत दिसून आले. उन्हात चांगली तापलेली द्राक्षे या पदार्थाने समृद्ध असतात. माणसांतील पुरावा अद्याप व्हायचा आहे; पण किंमत अधिक म्हणून डोके दुखणार नाही, ही समजूत मात्र निराधार ठरते.

परवाना आणि आपली सही

गुजरातमध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम राज्यनिर्मितीनंतरही चालू राहिला. २०११ पासून तो गुजरातच्या नावाने ओळखला जातो. त्यात प्रकृतीच्या कारणासाठी परवान्याची तरतूद आहे आणि त्या प्रक्रियेत वैद्यकीय मताला स्थान आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीपुरती काही सूट देण्यात आली; वडोदऱ्यात तो नियम लागू नाही. नाशिक किंवा अकलूजहून आठवण म्हणून आणलेली बाटलीही परवान्यावाचून येथे बाळगणे गुन्हा ठरतो, हे आपल्या रुग्णांना व पाहुण्यांना ठाऊक असावे.

दारूबंदी असावी की नसावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. १९८९ मध्ये याच शहरात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ही आठवण जुन्या सहकाऱ्यांच्या मनात अद्याप ताजी असेल. मिथेनॉलने अंध झालेला माणूस आणि पिंपातील मुरलेल्या वाइनवर चर्चा करणारा माणूस यांच्यात सामाजिक अंतर फार मोठे आहे. पण दोघांसमोरही वैद्याचे कर्तव्य एकच आहे : जे खरे आहे ते सांगणे. प्रकृतीच्या कारणाचा कागद आपल्यापुढे येईल तेव्हा आपण कोणत्या रोगावर, कोणत्या पुराव्याने, किती मात्रेत हे 'औषध' सुचवीत आहोत, असा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आजच्या ज्ञानानुसार हृदयविकार, निद्रानाश, मधुमेह अथवा मनाचा ताण यांपैकी कशावरही वाइन हा उपचार नाही. विदेशातही कोणतीही मान्यवर संस्था न पिणाऱ्याला प्रकृतीसाठी पिण्यास सुरुवात करा, असे सांगत नाही. भारतात २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मद्याच्या बाटलीवर आरोग्यविषयक दावा करण्यास मनाई केली आहे. जो दावा उत्पादकाला बाटलीवर छापता येत नाही, तो डॉक्टरच्या सहीने मान्य होऊ नये.

समारोप

अकलूजच्या मळ्यात जे घडते ते कौतुकास्पद आहे. उसाच्या मुलखात, कमी पाण्यावर, परदेशी वाण रुजवून तीन कुटुंबांनी जगाच्या तोडीचे पेय निर्माण करण्याचा ध्यास घेतला. त्यामागील शेतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि धीर यांना दाद द्यावीच लागेल. भरदार तांबडी वाइन ही एक रसिकतेची वस्तू आहे. जेथे कायदा अनुमती देतो, तेथे एखादा प्रौढ, निरोगी माणूस ती कधीतरी चवीसाठी घेतो, तो त्याचा स्वतःचा निर्णय होय, आणि तो निर्णय त्याने जोखीम जाणून घ्यावा. मात्र चव आणि चिकित्सा यांची गल्लत होता कामा नये.

आपल्या मंडळातील बंधुभगिनींना इतकेच सुचवावेसे वाटते की, पुढच्या वेळी तो ठरलेला प्रश्न आला की हसून सोडून देऊ नये. दोन मिनिटे काढावीत, पेल्यातील ग्रॅम मोजून दाखवावेत, चालू असलेली औषधे विचारावीत आणि शांतपणे सांगावे : हृदयासाठी चालणे, भाजी-फळे, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, एवढे पुरेसे आहे, वाइनची त्यात भर घालण्याची गरज नाही. हवी असतील तर द्राक्षे खावीत, तीही मधुमेह असल्यास बेतानेच.